पदवीसाठी लागणारे इंग्रजी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उच्च शिक्षणातील इंग्रजीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत प्रवेश परीक्षेतील गुणांची काळजी आहे आणि ती स्वाभाविकच आहे. तरीही गुण मिळाल्यानंतर, प्रत्यक्ष वर्गात बसल्यावर ज्या अडचणी येतात, त्यांना येथे जाणीवपूर्वक अधिक जागा दिली आहे; कारण त्या टप्प्यावर विद्यार्थ्याला विचारायला कोणी सापडत नाही आणि दोष आपल्या बुद्धीचा आहे, असे तो विनाकारण मानू लागतो.

प्रश्न : आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत मला एकूण ७ बँड (९ पैकी गुण) मिळाले. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील माझ्या पहिल्याच निबंधावर मात्र ‘भाषा ठीक आहे, पण युक्तिवाद दिसत नाही’ असा शेरा आला आणि गुण जेमतेम मिळाले. मग त्या परीक्षेने नेमके काय मोजले?
— सामाजिक शास्त्रांची एक विद्यार्थिनी

उत्तर : परीक्षेने जे मोजायचे ते बरोबर मोजले आहे, फक्त ते मोजमाप कशाचे आहे, हे कोणी नीट सांगत नाही. १९८९ पासून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत श्रवणाचे आणि वाचनाचे प्रत्येकी ४० प्रश्न असतात, लेखनासाठी एक तास असतो आणि संभाषण ११ ते १४ मिनिटांचे असते. लेखनाच्या तासात एक उतारा किमान १५० शब्दांचा व दुसरा किमान २५० शब्दांचा लिहायचा असतो. या दुसऱ्या उताऱ्याचा विषय सर्वसाधारण असतो, हाताशी एकही पुस्तक नसते आणि अपेक्षा एवढीच असते, की तुम्ही आपले मत सुसंगतपणे, बऱ्यापैकी शुद्ध भाषेत मांडावे. विद्यापीठातील निबंध याच्या जवळजवळ उलट असतो. तो काही हजार शब्दांचा असतो, त्यासाठी कित्येक दिवस मिळतात आणि त्यात तुमचे नुसते मत कोणालाच नको असते. इतरांनी काय म्हटले आहे ते वाचून, त्यांचे पुरावे तोलून, त्यातून निघणारे तुमचे म्हणणे हवे असते. तेव्हा ७ बँडचा अर्थ ‘सुरुवात करायला तुमची तयारी आहे’ एवढाच घ्यावा.

‘युक्तिवाद दिसत नाही’ म्हणजे काय, ते एका परिच्छेदावरून पाहू. समजा, विषय कामाचे तास आणि उत्पादकता हा आहे. पुष्कळ विद्यार्थी असे लिहितात : एका अभ्यासकाच्या मते तास कमी केल्याने उत्पादकता वाढते, दुसऱ्याच्या मते तसे होत नाही, तिसऱ्याच्या मते ते उद्योगावर अवलंबून असते. व्याकरणात चूक नाही, संदर्भही दिलेले आहेत, परंतु लिहिणाऱ्याचे म्हणणे कुठेच नाही. परीक्षक तीन नोंदी वाचतो आणि ‘मग पुढे काय?’ असे विचारतो. आता हाच परिच्छेद ‘तास कमी केल्याचा परिणाम कामाच्या स्वरूपानुसार बदलतो, असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसते’ या वाक्याने सुरू करा. त्यानंतर पहिल्या अभ्यासातील माणसे बौद्धिक काम करणारी होती, दुसऱ्या अभ्यासातील यंत्रावर सलग काम करणारी होती, म्हणून निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, असे दाखवा. तीच तीन नावे आता तुमच्या विधानाच्या पाठीशी उभी राहतात. शब्दसंपत्ती वाढलेली नाही, व्याकरण सुधारलेले नाही. बदलला आहे तो परिच्छेदाचा मालक.

प्रस्तावनेच्या बाबतीतही अशीच एक मदत उपलब्ध आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून १९९० मध्ये एक आराखडा मांडला : आधी विषयाचे क्षेत्र आणि महत्त्व सांगायचे, मग आतापर्यंतच्या अभ्यासात कोणती जागा रिकामी राहिली आहे ते दाखवायचे आणि शेवटी आपला लेख ती जागा कशी भरणार आहे ते सांगायचे. आपल्या विषयातील चांगल्या नियतकालिकातील चार-पाच लेख घेऊन त्यांच्या प्रस्तावनांत या तीन पायऱ्या पेन्सिलीने खुणावून पाहा. दुसरी पायरी बहुधा ‘परंतु’ किंवा ‘तथापि’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होते, हे लगेच लक्षात येईल. आपल्या निबंधात नेमकी तीच पायरी गाळली गेली आहे, हेही बहुतेकांना त्याच वेळी उमगते.

प्रश्न : सशर्त प्रवेश मिळाला आहे, पण इंग्रजीत अर्धा बँड कमी पडतो. पुन्हा परीक्षा द्यावी, की विद्यापीठाचा प्री-सेशनल, म्हणजे पदवी सुरू होण्यापूर्वीचा, इंग्रजी कोर्स करावा? खासगी क्लासवाले पहिला पर्याय सुचवतात.
— विज्ञान शाखेचा एक पदवीधर

उत्तर : आधी गणित तपासा. आयईएलटीएसचा एकूण बँड हा चार कौशल्यांची सरासरी असतो आणि सरासरी .२५ वर आली तर ती पुढच्या अर्ध्या बँडपर्यंत वर नेली जाते. म्हणजे दोन कौशल्यांत ६.५ आणि दोन कौशल्यांत ६ असतील, तर सरासरी ६.२५ येते आणि निकालपत्रावर ६.५ छापले जाते. त्यामुळे एकाच कौशल्यातील थोडी सुधारणाही कधी कधी पुरते. मात्र अनेक विद्यापीठे एकूण बँडबरोबरच प्रत्येक कौशल्यातही किमान गुण मागतात. ती अट प्रवेशपत्रात शोधा. संगणकावर परीक्षा दिलेल्यांसाठी एकच कौशल्य पुन्हा देण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे, परंतु असा निकाल सर्वच संस्था स्वीकारत नाहीत. तेव्हा आधी विद्यापीठाला लेखी विचारावे आणि मगच शुल्क भरावे.

कमतरता श्रवणात किंवा वाचनात असेल आणि वेळ हाताशी असेल, तर पुन्हा परीक्षा देणे योग्य ठरते. कमतरता लेखनात असेल, तर माझा कौल प्री-सेशनलला आहे आणि तो ठाम आहे. भाषेवरील प्रभुत्वाच्या पायऱ्या ठरवणाऱ्या युरोपीय भाषा-आराखड्यातील (सीईएफआर) एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाण्यास साधारण २०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते, असे ढोबळमानाने धरले जाते. ते काम तीन आठवड्यांच्या सराव-प्रश्नपत्रिकांनी होत नाही. तुम्ही प्रश्नांचा साचा शिकता, गुण थोडे वाढतातही, पण पहिल्या सत्रात पुन्हा तेथेच अडता.

प्री-सेशनल हा पदवी सुरू होण्यापूर्वीचा, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालणारा अभ्यासक्रम असतो. पदवीसोबत चालणाऱ्या वर्गांना इन-सेशनल म्हणतात आणि ते बऱ्याच विद्यापीठांत नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना विनामूल्य असतात. प्री-सेशनल निवडताना माहितीपत्रकातील छायाचित्रे बाजूला ठेवून एकच गोष्ट खोदून विचारा : माझे लिखाण कोण वाचणार, किती वेळा वाचणार आणि त्यावर लेखी अभिप्राय देणार का? संदर्भांवर आधारलेला किमान एक दीर्घ निबंध, त्याचा पहिला खर्डा, त्यावर शिक्षकाशी समोरासमोर चर्चा आणि मग दुसरा खर्डा, एवढे ज्या कोर्समध्ये आहे तो घेण्यासारखा आहे. ज्यात हे नाही, तो कितीही नावाजलेला असला तरी परीक्षेचाच क्लास समजावा. ब्रिटनमधील अभ्यासक्रमांसाठी बालीप या शैक्षणिक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेची मान्यता आहे का, हेही पाहता येते. कोर्स उत्तीर्ण झाल्यावर प्रवेशाची अट आपोआप पूर्ण होते, की पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हा शेवटचा प्रश्न विसरू नये.

प्रश्न : शैक्षणिक शब्दांची यादी पाठ करत आहे. दोनशे-तीनशे शब्दांचे अर्थ येतात, पण लिहिताना एकही आठवत नाही. आठवला तर वाक्यात चुकीचा बसतो.
— वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या हातातील यादी बहुधा एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली किंवा तिच्यावरून तयार केलेली असावी. सुमारे ३५ लाख शब्दांचे शैक्षणिक लेखन तपासून त्यांनी ५७० शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे) निवडली. नेहमीच्या वापरातले सुमारे २००० शब्द आधीच वगळून. ही ५७० कुळे शैक्षणिक मजकुराचा साधारण दहावा हिस्सा व्यापतात, तर कथा-कादंबऱ्यांत त्यांचे प्रमाण दीड टक्क्याच्याही आत असते. म्हणून यादी मोलाची आहे आणि केवळ गोष्टी वाचून हे शब्द अंगवळणी पडत नाहीत, हेही खरे. परंतु ती यादी काय शिकायचे ते सांगते. कसे शिकायचे ते नाही.

शब्द सुटा शिकला की सुटाच राहतो. ‘एव्हिडन्स’चा अर्थ पुरावा, एवढे लिहून ठेवणारी विद्यार्थिनी पुढे ‘मेनी एव्हिडन्सेस’ असे लिहिते, कारण मराठीत ‘अनेक पुरावे’ चालतात. ‘रिसर्च’, ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’ यांचीही तीच गत होते. इंग्रजीत या शब्दांचे अनेकवचन सहसा करत नाहीत. वहीत शब्दापुढे अर्थाऐवजी आपल्याच विषयाच्या लेखातील पूर्ण वाक्य उतरवा आणि त्या शब्दाच्या आधी कोणते क्रियापद आले, नंतर कोणते शब्दयोगी आले, ते अधोरेखित करा. पुरावा ‘देतात’, ‘गोळा करतात’, ‘तोलतात’. तो ‘पुरेसा’, ‘भक्कम’ किंवा ‘तुटपुंजा’ असतो. ही सोबत लक्षात राहिली, की लिहिताना शब्द शोधावा लागत नाही. आठवड्याला शंभर शब्दांऐवजी दहा घ्या, पण प्रत्येकाची तीन वाक्ये निरनिराळ्या लेखांतून मिळवा. मँचेस्टर विद्यापीठातील जॉन मॉर्ली यांनी संकलित केलेली ‘अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक’ इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. तुलना करणे, मर्यादा मान्य करणे, कारण सांगणे अशा कामांनुसार तिच्यात वाक्यांचे सांगाडे दिलेले आहेत. ते सांगाडे वापरणे ही चोरी नव्हे, याची खात्री बाळगा.

प्रश्न : माझ्या प्रबंधिकेच्या साम्य-अहवालात (इतर लेखनाशी मजकूर किती जुळतो, ते दाखवणाऱ्या संगणकीय अहवालात) २८ टक्के आले. मी सर्व वाक्ये माझ्या शब्दांत लिहिली होती. आकडा खाली आणण्यासाठी समानार्थी शब्द घालू का?
— पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी

उत्तर : कृपया तसे करू नका. टर्नइटिनसारखी साधने मजकुरातील जुळणी मोजतात, चौर्य मोजत नाहीत. तुमची संदर्भसूची, अवतरणचिन्हांतील उतारे, प्रमाणित प्रश्नावलीची वाक्ये हे सगळे त्या २८ टक्क्यांत असू शकते आणि ते निर्दोष आहे. उलट ५ टक्क्यांच्या अहवालातही एक आख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो. आकडा बाजूला ठेवून रंगवलेली वाक्ये एकेक करून पाहा.

‘माझ्या शब्दांत’ म्हणजे काय, येथेच बहुधा गफलत होते. समजा मूळ वाक्य असे आहे : ‘रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती कमी पडते, कारण माहिती पक्की होण्यासाठी आवश्यक असलेली झोप त्यांना मिळत नाही.’ त्याचे रूपांतर विद्यार्थी असे करतो : ‘रात्री खूप वेळ वाचन करणाऱ्या मुलांची आठवण कमजोर होते, कारण माहिती दृढ होण्यासाठी गरजेची असलेली निद्रा त्यांना लाभत नाही.’ शब्द बदलले, सांगाडा तसाच राहिला आणि वाक्य आधीपेक्षा वाईट झाले. रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ हे नाव दिले आणि ते बहुतेक वेळा अप्रामाणिकपणाचे नसून, मजकूर अजून पुरता न समजल्याचे लक्षण असते, असे मांडले. मला हे म्हणणे पूर्णपणे पटते. परंतु विद्यापीठाच्या नियमावलीत अशा लेखनाला सूट असेलच, असे नाही.

उपाय साधा आहे, मात्र त्याला वेळ लागतो. उतारा दोनदा वाचा, लेख बंद करा आणि त्यातले म्हणणे शेजारी बसलेल्या मित्राला सांगितल्यासारखे मोठ्याने, हवे तर मराठीतून, सांगा. मग लिहा : ‘जागरणाचे नुकसान अभ्यासाच्या वेळेमुळे नव्हे, तर हुकलेल्या झोपेमुळे होते, वाचलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेत चालते, असे लेखक मानतात.’ येथे क्रम तुमचा आहे, भर कशावर द्यायचा ते तुम्ही ठरवले आहे. यानंतरच मूळ लेख उघडून अर्थ वाकडा झालेला नाही ना, ते तपासा आणि संदर्भ द्या. शब्द तुमचे असले तरी कल्पना दुसऱ्याची आहे, म्हणून संदर्भ द्यावाच लागतो. संदर्भपद्धती कोणती, हे विभाग ठरवतो. एपीए या संदर्भपद्धतीची सातवी आवृत्ती मागितली असेल तर जुन्या आवृत्तीची पुस्तिका वापरू नये.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातील ध्वनिफिती सहज समजतात, पण खरे व्याख्यान सुरू झाले की दहा मिनिटांत धागा सुटतो.
— प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : कारण अभ्यासाच्या ध्वनिफिती बहुधा लिहून वाचलेल्या असतात. मिशिगन विद्यापीठाने खऱ्या व्याख्यानांची आणि चर्चांची सुमारे १८ लाख शब्दांची लिखिते संग्रहित केली आहेत. ती चाळून पाहिली तर अर्धवट सोडलेली वाक्ये, पुनरुक्ती आणि मध्येच आलेली विषयांतरे पानोपानी दिसतात. प्रत्येक शब्द पकडण्याचा हट्ट सोडा आणि वळणाच्या खुणा ऐका : ‘आता दुसरे कारण’, ‘याला एक अपवाद आहे’, ‘मूळ मुद्द्याकडे येऊ’. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी नेमून दिलेल्या वाचनाचा सारांश व शीर्षके तरी वाचाच; निम्मी अडचण भाषेची नसून अनोळखी विषयाची असते. टिपणासाठी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांची पद्धत उपयोगी पडते : उजवीकडे रुंद भागात टिपणे, डावीकडच्या अरुंद पट्टीत नंतर लिहिलेले प्रश्न आणि तळाशी दोन-तीन वाक्यांचा सारांश. सारांश त्याच दिवशी लिहावा.

प्रश्न : मी मसुदा स्वतः लिहितो आणि एआय साधनाकडून भाषा ‘सुधारून’ घेतो. यात गैर काय आहे? माझे इंग्रजी कच्चे असल्याची शिक्षा मला का मिळावी?
— संशोधन करणारा एक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या प्रश्नामागची वेदना समजते. इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही, त्यांना त्याच विचारासाठी दुप्पट कष्ट पडतात आणि हे न्याय्य नाही. आधी नियम पाहा : काही विद्यापीठे भाषाशुद्धीसाठी परवानगी देतात, काही उल्लेखाच्या अटीवर देतात, काही मुळीच देत नाहीत. एकाच विद्यापीठातील दोन प्राध्यापकांचे नियमही वेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक कामासाठी विचारावे.

नियम अनुकूल असला तरी एक धोका उरतो आणि तो संशोधकासाठी गंभीर आहे. शैक्षणिक लेखनात विधानाची ताकद पुराव्याइतकीच ठेवावी लागते. ‘या दोन घटकांत संबंध असू शकतो, असे निष्कर्षांवरून सूचित होते’ हे तुमचे सावध वाक्य साधन गुळगुळीत करते आणि ‘पहिल्या घटकामुळे दुसरा वाढतो’ असे परत देऊ शकते. वाक्य वाचायला छान लागते, पण तुम्ही न केलेला दावा आता तुमच्या नावावर आहे. तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन तुम्हालाच करावे लागेल. म्हणून पूर्ण मजकूर ‘सुधारून’ मागण्याऐवजी एका परिच्छेदातील चुका फक्त दाखवण्यास सांगा आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने करा. असे केले तर पुढच्या वेळी तीच चूक कमी होते. ‘शक्यता’, ‘काही प्रमाणात’, ‘या नमुन्यापुरते’ या अर्थाचे तुमचे शब्द जागेवर आहेत ना, ते दर वेळी मूळ मसुद्याशी ताडून पाहा. तारीख घातलेले सर्व खर्डे जपून ठेवा, म्हणजे शंका घेतली गेल्यास लेखनाचा प्रवास दाखवता येईल. विद्यापीठात लेखन-साहाय्य केंद्र असेल तर पहिला खर्डा तेथे घेऊन जा. तेथील शिक्षक तुम्हाला ‘येथे तुम्हाला काय म्हणायचे होते?’ असे विचारतात आणि त्या प्रश्नाचे तुम्ही तोंडी दिलेले उत्तर बहुतेक वेळा कागदावरील वाक्यापेक्षा स्पष्ट असते. तेच उत्तर तेथल्या तेथे लिहून घ्या.